परीक्षा आणि संलग्नता गेली, तर विद्यापीठात काय उरेल?

मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीबरोबर मी विद्यापीठात गेले होते. तिच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव चुकीचं छापलं होतं. कॉलेजकडून दोनदा पत्र गेलं, ईमेल गेला, उत्तर आलं नाही. शेवटी पहाटेची एसटी धरून आम्ही दोघी निघालो. जाताना नव्वद किलोमीटर, येताना नव्वद. परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर अडीच तास उभं राहिल्यावर अर्ज घेतला गेला, चलन भरून आणायला सांगितलं, शिक्का पडला.

काम झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, आलोच आहोत तर लायब्ररी बघू या?" इतिहास घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला होती ती. ग्रंथालयाच्या दारात रखवालदारांनी ओळखपत्र मागितलं. तिने कॉलेजचं दाखवलं. त्यावर कॉलेजच्या नावाखाली त्याच विद्यापीठाचं नाव होतं, 'संलग्न' असं लिहून. "हे नाही चालत ताई, कॅम्पसचं कार्ड लागतं." त्या बिचाऱ्यांना वरून तसंच सांगितलेलं होतं. ती काचेतून आतल्या कपाटांकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग आम्ही स्टँडवर आलो.

तीन वर्षं ती या विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. पदवीवर त्याचंच नाव असणार आहे, कुलगुरूंची सही असणार आहे. पण तिला विद्यापीठ भेटलं ते हॉलतिकिटावर आणि त्या खिडकीत. महाराष्ट्रातल्या बहुतांश पदवीच्या मुलामुलींची विद्यापीठाशी ओळख एवढीच आहे. म्हणून आपल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या नियोजनाबद्दल काही बोलायचं तर मला त्या काचेपासूनच सुरुवात करावी लागते.

यात आजच्या कुणा एका अधिकाऱ्याचा दोष काढून उपयोग नाही. विद्यापीठ जन्माला आलं तेच असं. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवणार कॉलेजं, परीक्षा घेणार आणि पदवी देणार विद्यापीठ. लंडनने स्वतः १९०० मध्ये आपली घडी बदलली आणि ते शिकवणारं विद्यापीठ झालं. मुंबईतही पुढे शिकवणारे विभाग आले. १९१९ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि मुंबई शहराकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघणारी एक परंपरा तिथे रुजली. पण मूळ सांगाडा हलला नाही. स्वातंत्र्यानंतर पुणे, मराठवाडा, शिवाजी, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गोंडवाना अशी विद्यापीठं निघत गेली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आलं ते कॉलेजांना संलग्नता देण्याचं आणि पेपर तपासण्याचं काम.

आता हा सांगाडाच जाणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आहे. म्हणजे २०३५. कॉलेजं स्वायत्त होतील, स्वतःचे पेपर काढतील, यथावकाश पदवीही स्वतः देतील. ते वेळापत्रक पाळलं जाईल की लांबेल यावर वाद होऊ शकतो. दिशेवर होऊ शकत नाही, कारण ते घडायला लागलं आहे. स्वायत्त कॉलेजांची संख्या वाढते आहे. मुंबईत २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय यांचं मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली यूडीसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची संस्था २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. नागपूरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, १९४२ पासून नागपूर विद्यापीठाचा भाग होती. २०२३ मध्ये तिचंही स्वतंत्र विद्यापीठ झालं.

या दोन संस्थांकडे मी पुन्हा पुन्हा बघते. यूडीसीटी निघाली ती मुंबईतल्या कापडगिरण्यांना रंगरसायन जाणणारी माणसं हवी होती म्हणून. एलआयटी निघाली ती एका दानशूर माणसाने त्या भागात उपयोजित विज्ञान शिकवलं जावं म्हणून मृत्युपत्रात ठेवलेल्या संपत्तीतून. आपण कशासाठी आहोत हे दोघींनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यातून त्यांना ओळख मिळाली, आणि ओळख मिळाल्यावर त्या विद्यापीठाच्या बाहेर पडल्या. मागे राहिली ती परीक्षा. उद्या परीक्षाही गेली तर काय राहील, हा प्रश्न अकराही पारंपरिक अकृषी विद्यापीठांच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) आज व्हायला हवा.

तो होण्यासाठी कायद्याने एक जागा दिलेलीही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार प्रत्येक विद्यापीठाने दर पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा असतो. सध्या २०२४ ते २०२९ चा आराखडा चालू आहे. नाव मोठं आहे, हेतूही मोठा आहे. प्रत्यक्षात तो कसा होतो हे मी एका बैठकीत बसून पाहिलं. समोर तालुकावार तक्ते होते. लोकसंख्या, बारावी उत्तीर्णांची संख्या, सध्याची कॉलेजं, त्यांच्यातलं अंतर, आणि शेवटच्या रकान्यात 'प्रस्तावित बिंदू'. बिंदू म्हणजे जिथे नवं कॉलेज काढायला परवानगी मागता येईल ते ठिकाण. चार तासांतले साडेतीन तास त्या रकान्यावर गेले. या गावाला द्या, त्या गावाला आधीच आहे, इथल्या संस्थेची जागा तयार आहे. मी विचारलं, "सर, या पाच वर्षांत विद्यापीठ स्वतः कोणता नवा अभ्यास उभा करणार आहे?" अध्यक्षांनी चांगुलपणाने सांगितलं, "मॅडम, ते प्रस्तावनेत घेऊ." आणि खरंच ते प्रस्तावनेत आलं, दोन परिच्छेदांत.

बिंदूंची गरज नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या तालुक्यात कॉलेज निघालं नसतं तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची बारावीनंतर लग्नं झाली असती. जवळचं कॉलेज हे मुलीच्या शिक्षणाचं पहिलं कारण असतं, ते मी वीस वर्षं डोळ्यांनी बघते आहे. पण जी व्यवस्था २०३५ पर्यंत मिटवायची आहे तिचाच विस्तार आपण 'आराखडा' म्हणून लिहितो आहोत, आणि तिच्यानंतर काय हे लिहायला कागदच शिल्लक ठेवलेला नाही, हे मला पटत नाही.

याला कारण पैसा आहे, तेही स्पष्ट बोललं पाहिजे. सरकारी अनुदान मुख्यतः पगारांवर जातं. विद्यापीठाच्या हातात स्वतःचं म्हणून जे उत्पन्न येतं त्याचा मोठा भाग परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्क यांचा. कॉलेजं वाढली, परीक्षार्थी वाढले, तर निधी वाढतो. अशा विद्यापीठाला 'आता नवं कॉलेज नको' असं म्हणणं परवडतच नाही. केंद्राच्या 'रूसा' (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) योजनेने २०१३ मध्ये एका विद्यापीठाला शंभराहून अधिक कॉलेजं जोडू नयेत असं म्हटलं होतं. पुणे विद्यापीठाची संख्या सातशेच्या वर गेली. कारण नकार देण्याची किंमत कुणीतरी भरून द्यायला हवी होती, आणि ती कुणी देऊ केली नाही.

ओळखीचा विषय निघाला की महाराष्ट्रात नावाचा विषय निघतो, आणि तो निघणं रास्तच आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. लाँग मार्च निघाला, माणसं जिवानिशी गेली, जवळपास सोळा वर्षं गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या लढ्याला 'नुसतं नावाचं राजकारण' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. हे विद्यापीठ कुणाचं, त्याच्या दारातून कोण ताठ मानेनं आत जाऊ शकतो, हा तो प्रश्न होता. हे विद्यापीठ ज्या औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) आहे त्याच शहरात १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या माणसाचं नाव विद्यापीठाला नको होतं, यातच त्या विद्यापीठाची तोवरची ओळख काय होती ते कळतं.

म्हणूनच मला वाटतं, नाव दिल्यावर काम सुरू होतं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची कविता घरात आणि शेतात बोलल्या जाणाऱ्या भाषेतली आहे. ज्या विद्यापीठाने हे नाव घेतलं त्याच्यावर लेवा बोली, अहिराणी, तावडी या बोलींची जबाबदारी आपोआप येते. त्यांचे कोश, ध्वनिमुद्रणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी अहिराणी बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसतं तेव्हा त्याला कसं शिकवायचं हे जाणणारे शिक्षक. हे काम एखाद्या प्राध्यापकाच्या हौसेवर सोडायचं नसतं. ते पदांसह आणि पैशांसह आराखड्यात लिहायचं असतं. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव मिळालं, ज्यांनी देशभर विहिरी, बारव आणि घाट बांधले. सोलापूर जिल्ह्यात उजनीचं धरण आहे आणि टँकरवर जगलेली गावंही आहेत. या नावाच्या विद्यापीठाने पाण्याचा अभ्यास हाती घेतला नाही तर कोण घेणार?

ओळख कशी दिसते हे बघायला लांब जायला नको. शेतकऱ्याला विचारा. परभणीचं कृषी विद्यापीठ त्याला 'परभणी मोती' ज्वारीमुळे माहीत आहे. राहुरीचं 'फुले २६५' उसामुळे. दापोलीचं 'रत्ना' आंब्यामुळे, ज्यात नीलम आणि हापूस एकत्र आले. कृषी विद्यापीठांच्या अडचणी कमी नाहीत, तिथेही पदं रिकामी आहेत. पण ज्याने विद्यापीठाचं फाटक कधी पाहिलं नाही त्या माणसाच्या बांधावर विद्यापीठाचं काम पोचलेलं आहे. चार विभागांच्या चार जमिनी, चार पावसाळे, म्हणून चार विद्यापीठं, असा त्या रचनेत विचार होता. अकृषी विद्यापीठांचं वाटप मात्र जिल्ह्यांच्या सीमांवर झालं, कामावर झालं नाही.

अपवाद आहेत, आणि त्यांच्याकडून शिकता येतं. गोंडवाना विद्यापीठ २ ऑक्टोबर २०११ ला निघालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. त्याच गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, सन २००९. हक्काचा कागद हातात आल्यावर ग्रामसभेपुढे जे प्रश्न उभे राहतात ते बघा. या वर्षी बांबू किती तोडायचा म्हणजे पुढच्या वर्षी उरेल? तेंदूच्या लिलावाची अट कशी लिहायची? व्यापाऱ्याशी करार, मजुरीचे हिशेब, बँकेचं खातं, कर, जंगलाचा दहा वर्षांचा आराखडा. यात वनस्पतिशास्त्र आहे, वाणिज्य आहे, कायदा आहे, संख्याशास्त्र आहे, आणि गोंडी-माडिया भाषांतून हे सगळं समजावून सांगण्याचं कामही आहे. विद्यापीठातल्या प्रत्येक विभागाला पुरून उरेल एवढा अभ्यासक्रम त्या एका गावाच्या चावडीवर पडलेला आहे. या विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणून जांभळी गावातच पदवीचे वर्ग नेले, ज्यांचं शिक्षण सुटलं होतं त्यांच्यासाठी. मला त्या बातमीने जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याही मानांकनाच्या बातमीने झाला नाही. आमच्या भागात अशी संध्याकाळची बॅच निघाली तर माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयाच पहिल्या बाकावर येऊन बसतील.

नॅक या उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या परिषदेच्या मूल्यांकनातही 'संस्थेचं वेगळेपण' लिहायची एक जागा असते. मी वाचलेल्या अशा पानांपैकी बरीच एकमेकांच्या अहवालात ठेवली तरी कुणाच्या लक्षात येणार नाहीत. कारण वेगळेपण अहवाल लिहिताना शोधायची गोष्ट नाही. ते पाच-दहा वर्षं आधी ठरवावं लागतं, आणि ठरवणं म्हणजे चार चांगल्या गोष्टी सोडून एक धरणं.

सगळ्या विद्यापीठांचा एकत्र विचार करणारा आराखडा म्हटलं की अभ्यासक कॅलिफोर्नियाचं उदाहरण देतात. तिथे १९६० मध्ये राज्याच्या उच्च शिक्षणाची आखणी झाली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशासाठी राज्य महाविद्यालयं, आणि सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजं. संशोधन कुणी करायचं, शिक्षक कुणी घडवायचे, हे लिहून ठेवलं. कामाची इतकी स्पष्ट वाटणी आपल्याकडे कधी झाली नाही, हे खरं. तरीही तो नमुना उचलून इथे आणू नये असं माझं ठाम मत आहे. जिथे माणसांची उतरंड हजारो वर्षं मुरलेली आहे तिथे विद्यापीठांची उतरंड बांधली, तर वरच्या पायरीवर कोण आणि खालच्या पायरीवर कोण हे आधीच ठरलेलं असेल. गडचिरोलीच्या मुलीला 'तुझ्यासाठी तिसऱ्या पायरीचं विद्यापीठ' असं सांगणारा आराखडा नको. आपल्याला कामाची वाटणी हवी, पण आडवी. कोल्हापूर एका विषयात राज्यात पहिलं, नांदेड दुसऱ्या, गडचिरोली तिसऱ्या. आणि पुण्याच्या मुलीला एका विषयासाठी गडचिरोलीला जावंसं वाटावं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माझ्याच एका विद्यार्थ्याने तो घेतला. "मॅडम, म्हणजे आम्ही गावाकडच्यांनी ज्वारी आणि पाणीच शिकायचं, आणि शहरातल्यांनी क्वांटम?" त्याचा राग मला समजतो. स्थानिक गरजेच्या नावाखाली गरीब मुलांना छोटी स्वप्नं वाटून देण्याचा उद्योग आपल्याकडे खूप झाला. म्हणून मूळ विषय, म्हणजे गणित, भौतिकशास्त्र, भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान हे प्रत्येक विद्यापीठात भक्कम असलेच पाहिजेत. त्यात तडजोड नाही. पण प्रश्न जवळचा असला म्हणून विद्या छोटी होत नाही. उजनीच्या पाण्याचा हिशेब मांडायला लागणारं गणित सोपं नसतं. आणि ज्याला खरंच क्वांटम शिकायचं आहे त्याला राज्यातल्या ज्या विद्यापीठात तो विभाग उत्तम आहे तिथे जाता यावं, वसतिगृह मिळावं, श्रेयांक (क्रेडिट) हस्तांतरित व्हावेत. श्रेयांकांची बँक कागदावर आली आहे. वसतिगृहातली खाट आली नाही तर त्या बँकेचा ग्रामीण मुलाला उपयोग नाही.

हे सगळं करणार कोण? मंजूर पदांवर पूर्णवेळ शिक्षक नसतील तर आराखड्यातलं एकही पान खरं होणार नाही. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली माझी विद्यार्थिनी तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावते, आणि उन्हाळ्यात तिला काहीच मिळत नाही. तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझ्या बोलीचा दहा वर्षांचा प्रकल्प हाती घे? कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची, आराखडाही पाच वर्षांचा, पण दोन्हींची सुरुवात एका वेळी होत नाही. एकाने आखलेलं दुसऱ्याच्या हाती अर्ध्यावर येतं. जे काम दहा वर्षं चालायचं आहे त्याला दहा वर्षं टिकणारी माणसं लागतात, आणि ती विभागात असतात, कुलगुरूंच्या दालनात नाही.

म्हणून माझी मागणी पुढच्या आराखड्याबद्दल आहे. २०२९ ते २०३४ चा आराखडा संपेल तेव्हा २०३५ ला एक वर्ष उरलेलं असेल. संलग्नतेच्या काळातला तो शेवटचा पूर्ण आराखडा. त्याची तयारी २०२७-२८ मध्येच सुरू होईल. तो बिंदूंच्या तक्त्यापासून सुरू होऊ नये. त्याआधी प्रत्येक विद्यापीठाने आपल्या जिल्ह्यांत फिरून ग्रामसभा, यंत्रमागवाले, दूधसंघ, परिचारिका, झेडपी शाळेतले शिक्षक यांना विचारावं की तुमच्यापुढे असा कोणता प्रश्न आहे ज्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. त्यातून तीन कामं निवडावीत आणि कोणती कामं आपण करणार नाही तेही लिहावं. अकराही विद्यापीठांची ही पानं राज्याने एका टेबलावर ठेवावीत, कुठे दुहेरी आहे, कुठे पोकळी आहे ते बघावं. आणि परीक्षा शुल्कातून जाणाऱ्या उत्पन्नाची भरपाई निवडलेल्या कामांसाठी थेट अनुदानातून करावी, म्हणजे नकार देण्याची ताकद येईल.

ग्रंथालयासाठी मात्र २०२९ ची वाट बघायला नको. गोवा विद्यापीठाने दामोदर धर्मानंद कोसंबी, मारिओ मिरांडा यांच्या नावाच्या अतिथी अध्यासनांचे वर्ग सामान्य नागरिकांना खुले ठेवले. आपल्याकडे निदान संलग्न कॉलेजच्या ओळखपत्रावर वाचनकक्षात बसू देणं एका परिपत्रकाने होऊ शकतं.

ती दुरुस्त गुणपत्रिका दोन महिन्यांनी आली. आईचं नाव आता बरोबर आहे. तिला एमए करायचं आहे, इतिहासातच, आणि मागच्या आठवड्यात तिने विचारलं की कुठल्या विद्यापीठात काय वेगळं शिकायला मिळतं. मी दोन संध्याकाळी एकामागून एक संकेतस्थळं उघडून बसले, नोंदी काढल्या. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मला तिला खात्रीने एवढंच सांगता आलं की मुलींचं वसतिगृह कुठे स्वस्त आहे आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते.